श्रीधरपंतांच्या डाव्या खांद्यावरचा डाग

माझे मेहुणे श्रीधरपंत यांच्या अंगावर कधीही कोड नव्हतं, ही गोष्ट आमच्या घराने पुराव्यानिशी सिद्ध केलेली आहे. ती सिद्ध करण्याची गरज का पडली, हे मात्र आजवर कुणी बाहेर सांगितलं नाही. श्रीधरपंत गेल्या महिन्यात गेले. तात्या आणि आई तर त्यांच्या पुष्कळ आधी गेले. आता ही हकीकत ठाऊक असणारी दोनच माणसं उरली, माझी बहीण कुमुद आणि मी. तेरावं झाल्यावर कुमुद मला म्हणाली, "दादा, ते सगळं तू लिहून काढ. त्यांना ती गोष्ट फार आवडायची." मी म्हटलं, त्यात मी फार मूर्ख दिसतो. ती म्हणाली, "म्हणून तर आवडायची."

तेव्हा लिहितो. हळूहळू लिहीन, कारण मध्येच थांबावं लागतं.

गोष्ट एकोणीसशे चौतीस सालच्या हिवाळ्यातली. आम्ही नाशकात, गोदावरीच्या अलीकडच्या काठावर, घाटापासून दोन गल्ल्या वर राहत होतो. घराला लहानशी गच्ची होती आणि तिथून नदी, पलीकडचा घाट आणि त्यामागची पंचवटीतली घरं दिसत. मी एका वाचनालयात नोकरीला होतो. पुस्तकांना नंबर घालायचे हे माझं काम, आणि नंबर घालता घालता ती वाचायची ही माझी सवय. माझे वडील, म्हणजे तात्या, कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं साक्षीदारांच्या शपथा ऐकून जगात कुणी खरं बोलतं यावरचा त्यांचा विश्वास पार उडाला होता. गवळ्याने पाणी घातलेलं दूध दिलं तर ते गप्प बसत. चांगलं दिलं तर अस्वस्थ होत. पाणी न घालण्यामागे याचा काय बेत असेल, असं ते आईला विचारत. (आई म्हणे, खरवस खा आणि गप्प बसा.)

अशा माणसाच्या मुलीला चांगलं स्थळ सांगून आलं.

मुलगा पंचवटीतला. शिकलेला, निर्व्यसनी, मेन रोडवर स्वतःचा फोटोचा स्टुडिओ. घरी तो आणि त्याची आई, एवढीच माणसं. पत्रिका जुळली, देण्याघेण्याची मागणी काही नाही. तात्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागणी नाही म्हणजे खोट आहे." धंद्याबद्दलही त्यांचं मत चांगलं नव्हतं. काळ्या फडक्यात डोकं घालून हा दिवसभर भल्या माणसांना उलटं बघतो, असा माणूस स्वतः सरळ असेल कशावरून, हा त्यांचा मुद्दा होता, आणि तो खोडून काढणं सोपं नव्हतं.

मुलगी बघायला श्रीधरपंत आले तेव्हा त्यांनी कुमुदला स्वयंपाक विचारला नाही, शिवण विचारलं नाही, गाणंही म्हणायला लावलं नाही. एवढंच म्हणाले, की जरा खिडकीकडे तोंड करून बसता का, तिकडून उजेड चांगला येतोय. कुमुद वळून बसली. त्या संध्याकाळी तिने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि भातात घातलंच नाही. भांडी घासताना मला हळूच म्हणाली, "दादा, तात्या काहीतरी खुसपट काढतील. एवढं मोडू देऊ नकोस." मी तिला शब्द दिला. तो कसा पाळला, तेच आता सांगायचं आहे.

बोलणी पक्की झाली, पण मध्ये पौष महिना आला. पौषात साखरपुडा करत नाहीत, म्हणून तो माघावर गेला. तात्यांच्या संशयाला महिनाभर मोकळं रान मिळालं. आणि नेमक्या त्याच महिन्यात मी दुर्बीण विकत घेतली.

दुर्बीण मी पक्षी बघायला घेतली होती, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे. वाचनालयात पक्ष्यांवरचं एक चित्रांचं पुस्तक आलं होतं. ते वाचून मला वाटू लागलं, की नदीवर येणाऱ्या पाखरांची नावं माहीत नसताना जगणं हे लांच्छनास्पद आहे. देवळालीच्या छावणीजवळ जुन्या सामानाची दुकानं होती. तिथे बदली झालेल्या गोऱ्या सोल्जरांच्या वस्तू स्वस्तात मिळत. दुकानदाराने ती दोन नळ्यांची दुर्बीण मखमली फडक्यातून बाहेर काढली आणि म्हणाला, "ले जाव मास्टर, इसमें से चांद का दाग भी साफ दिखता है." माणूस खोटं बोलला नाही. दुर्बिणीतून डाग दिसत होते. जिथे नसतील तिथेही दिसतात, एवढंच सांगायचं तो विसरला.

दुर्बिणीवरचं बनवणाऱ्याचं नाव कुणीतरी खरवडून काढलेलं होतं. (तेव्हाच ओळखायला हवं होतं. त्या माणसाला स्वतःची लाज वाटली असणार.) हलवली की आत वाटाणे असल्यासारखा आवाज येई. डावी नळी जरा धूसर होती. समोरच्या भिंगातून आत डोकावलं, की नळी आतून घासलेल्या गडूसारखी लखलखीत दिसे. मला ते फार आवडलं. आत एवढी स्वच्छता ठेवणारा कारागीर किती चोख असेल, असं वाटून मी ती घरी घेऊन आलो.

तात्यांनी ती हातात घेतली, वजन पाहिलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "यातून पंचवटी दिसते का?"

श्रीधरपंत रोज सकाळी साडेसातच्या सुमाराला समोरच्या घाटावर आंघोळीला येत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि तात्या गच्चीवर. समोर पूर्वेला सूर्य नुकताच पंचवटीतल्या घरांवर आलेला. तात्यांना चष्म्यामुळे दुर्बीण डोळ्याला नीट लावता येईना, म्हणून पहिली पाहणी माझ्याकडे आली. बराच वेळ मला फक्त एक देवळाचा कळस आणि माझ्याच पापण्या दिसल्या. मग घाट सापडला, मग पायऱ्या, मग कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले श्रीधरपंत. ते खांदे चोळत होते. आणि डाव्या खांद्यावर, अगदी ठळक, आंबोळीएवढा पांढरट डाग होता.

मी तो साबण आहे असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "तात्या, खांद्यावर काहीतरी पांढरं दिसतंय."

तात्यांनी चष्मा काढला, दुर्बीण लावली, बराच वेळ पाहिलं. खाली ठेवली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. महिनाभर अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला भिंत सापडावी तसं.

"कोड," ते म्हणाले. "म्हणून मागणी नाही."

कातडीचा रंग जागोजागी जाणं हा गुन्हा नव्हे, तो कुणाचा कुणाला लागतही नाही, हे आज शाळेतली मुलंही सांगतील. त्या काळी नुसता तो शब्द उच्चारला तरी ठरलेली लग्नं मोडत. मला हे कळत होतं. पण मी पुस्तकं वाचणारा माणूस. मला वाटलं, घाईने निष्कर्ष काढू नये, शास्त्रीय पद्धतीने नोंद करावी. वाचनालयातल्या एका शरीरशास्त्राच्या पुस्तकातून मी माणसाची आकृती वहीत उतरवून घेतली, पुढून एक, पाठीमागून एक. त्यावर रोज तारीख, वेळ आणि डागाची जागा पेन्सिलीने भरू लागलो. ती वही मी केली नसती, तर तात्यांचा संशय चार दिवसांत विरून गेला असता. त्यांना असे पुष्कळ संशय येत आणि जात. या एका संशयाला माझ्यामुळे नकाशा मिळाला.

पहिल्या दिवशी खांदा. दुसऱ्या दिवशी आम्हाला उशीर झाला, सूर्य थोडा वर आला होता, आणि डाग कोपरावर सरकला होता. तात्या दबक्या आवाजात म्हणाले, "पसरतंय." तिसऱ्या दिवशी श्रीधरपंत पाण्यात सावकाश वळून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. पाठीवर डाग. त्याच दिवशी दुर्बीण जरा बाजूला गेली आणि पायरीवर संध्या करत बसलेल्या एका भटजींच्या पोटावरही तसाच डाग दिसला. कुठल्याही शहाण्या माणसाला इथे दुर्बिणीचा संशय आला असता. तात्यांना भटजींचा आला.

"त्यांच्याच घराण्यातले असणार," ते म्हणाले. "लिही. आनुवंशिक."

मी लिहिलं. (अक्षर चांगलं आलं होतं.) चौथ्या दिवशी एका म्हशीच्या पाठीवर डाग दिसला. तात्यांनी म्हशीला नात्यात धरलं नाही, एवढंच. मी मात्र शास्त्रीय पद्धत सोडायची नाही म्हणून म्हशीचीही नोंद केली.

पाचव्या दिवशी आई वाळवणाच्या निमित्ताने वर आली आणि आम्ही काय बघतो ते बघायचं म्हणाली. तिने दुर्बीण लावली आणि लगेच खाली घेतली. तिला तर सगळीकडेच पांढरं दिसत होतं, चित्रावर दूध सांडावं तसं. "हे यंत्रच धड नाही," ती म्हणाली. अख्ख्या प्रकरणात त्या दिवसापर्यंत उच्चारलेलं हे एकमेव शहाणपणाचं वाक्य. तात्यांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं, आणि आईला यंत्र वापरता येत नाही असं ठरवून टाकलं.

सहाव्या दिवशी वही कुमुदच्या हाती लागली.

मी वाचनालयातून आलो तेव्हा ती ओट्यावर वही मांडीवर घेऊन बसली होती. हा कोण, तिने विचारलं. मी म्हटलं, पुस्तकातलं चित्र आहे. पुस्तकातल्या चित्राला पंचवटीचा घाट कशाला, तिने विचारलं. मग मला सगळं सांगावं लागलं. सांगताना मी पुष्कळ शास्त्रीय शब्द वापरले. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "असलं तर असू दे. मला चालेल."

मी वही मागायला हात पुढे केला.

"तुझ्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. उद्या तुझं लग्न ठरेल तेव्हा मुलीकडच्यांनी नाशकात दुर्बिणी लावायच्या का?"

मी तात्यांकडे गेलो आणि धीर करून म्हणालो, की आपण हे सोडून देऊ, कुमुदची तयारी आहे. तात्यांनी मेजाच्या खणातून एक पाकीट काढून दाखवलं. नकाराचं पत्र लिहून तयार होतं. त्यात नकाराचं कारणही स्वच्छ शब्दांत लिहिलं होतं. ते पत्र पंचवटीत गेलं असतं तर कुमुदचं लग्न मोडलं असतंच, शिवाय त्या माणसाला नाशिक जिल्ह्यात दुसरी मुलगी कुणी दिली नसती. मी हात जोडले. म्हटलं, तात्या, कोर्टात तरी दुरून पाहिलेल्या साक्षीवर निकाल देत नाहीत.

हा मुद्दा त्यांना पटला. मलाच आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, "बरोबर. प्रत्यक्ष पाहणी झाली पाहिजे. गुरुवारी सत्यनारायण घालू. जेवायला सोवळ्यात बसावं लागेलच."

आमच्याकडे पूजेच्या जेवणाला पुरुषमाणसं मुकटा नेसून उघड्या अंगाने पाटावर बसत. म्हणजे देवाच्या साक्षीने, कुणाला काही न विचारता, खांद्यापासून कमरेपर्यंतचा सगळा प्रदेश समोर येणार होता. डाग दिसला तर पत्र संध्याकाळी जाणार. नाही दिसला तर फाडणार. मी कुमुदला हे सांगितलं. गुरुवारी पहाटेपासून स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

श्रीधरपंत आले ते शिंकतच. नाक लाल झालेलं, आवाज बसलेला. मुकटा नेसून पाटावर बसले खरे, पण अंगाभोवती जाड उपरणं घट्ट गुंडाळलेलं, आणि त्याचं टोक नेमकं डाव्या खांद्यावर हाताने धरून ठेवलेलं! तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तीस वर्षांचं कोर्ट होतं.

मग उपरणं काढवण्याचे प्रयत्न सुरू झाले. तात्यांनी स्वतः शेगडी आणून पाहुण्यांच्या पाठीशी ठेवली आणि विचारलं, उकडत नाही ना? श्रीधरपंत म्हणाले, छे, फार बरं वाटतंय, थोडी आणखी जवळ घेतली तरी चालेल. तात्यांनी त्यांना तिखट आमटी वाढायला लावली. श्रीधरपंतांनी सर्दीवर उत्तम म्हणून दोनदा मागून घेतली. उपरण्यावरची मूठ इंचभरही सैल झाली नाही. मी वाढायला होतो. मठ्ठ्याचं भांडं घेऊन पंगतीतून चाललो असताना तात्यांनी आधी मठ्ठ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांच्या खांद्याकडे, मग माझ्याकडे.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी लहानपणापासून आज्ञाधारक. डोळे मिटून भांडं कलतं केलं.

पौष महिन्यातला गार मठ्ठा सर्दी झालेल्या माणसाच्या खांद्यावर पडला की तो काय करील, याचा मी विचार केला नव्हता. श्रीधरपंत मोठा श्वास घेऊन ताठ झाले, आणि ओलं उपरणं त्यांनी काढून बाजूला टाकलं. मठ्ठा आतपर्यंत झिरपला होता. डाव्या खांद्यावर आंबोळीएवढा पांढरा डाग होता.

तात्या पाटावरून उठून उभे राहिले. "तेच," ते म्हणाले. "तीच जागा."

खरं सांगतो, क्षणभर माझाही विश्वास बसला. वेळ किती झाली ते बघायला मी घड्याळाकडे मान वळवलीसुद्धा. तेवढ्यात त्या डागावरून कोथिंबिरीचं एक पान घसरत दंडावर आलं. कोडाला कोथिंबीर नसते, एवढं वैद्यकशास्त्र मला येत होतं.

आईने ओलं फडकं आणून खांदा पुसला. खाली श्रीधरपंतांचा चांगला निमगोरा, निरोगी खांदा होता. आई तात्यांकडे बघत तो गरजेपेक्षा बराच जास्त वेळ पुसत राहिली.

"तेच म्हणजे काय?" श्रीधरपंतांनी विचारलं.

तेव्हा कुमुद स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात माझी वही होती. ती तिने पानाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "हे तुम्ही आहात. गेल्या आठवड्यातले."

श्रीधरपंतांनी डावा हात पुसला आणि एकेक पान उलटून शांतपणे पाहिलं. चार माणसांसमोर आपली चित्रकला पाहिली जाण्याचा तो माझा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

"हे भटजी कोण?"

"तुमच्या नात्यातले ना?" तात्यांनी सावधपणे विचारलं.

"नाहीत. आणि ही म्हैस?"

मी भांड्यातला उरलेला मठ्ठा ढवळू लागलो.

त्यांनी दुर्बीण मागितली. मला वाटलं, आता ती माझ्या डोक्यात घालतील, आणि मी डोकं जरा पुढेही केलं. पण त्यांनी ती हलवून वाटाण्यांचा आवाज ऐकला, समोरचं भिंग फिरवून मोकळं केलं आणि नळीत डोकावले. मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला जवळ बोलावून नळी दाखवली. म्हणाले, "वसंतराव, ही आतून एवढी लखलखीत ठेवलीय. तिरपं ऊन आत शिरलं की भिंतीवर आपटणार आणि चित्रावर सांडणार. जिथे सांडेल तिथे डाग. कॅमेऱ्याचं पोट आतून काळं का असतं, सांगा बघू?"

मला सांगता आलं असतं. प्रकाशावरचा धडा मॅट्रिकला मला तोंडपाठ होता.

खात्री पटावी म्हणून त्यांनी भिंग परत बसवलं आणि तात्यांना वर गच्चीच्या कठड्याशी उभं राहायला विनंती केली. आम्ही सगळे अंगणात. तात्यांच्या पाठीमागे दुपारचं ऊन. मी दुर्बीण वर करून पाहिलं. तात्यांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत भला मोठा पांढरा डाग होता.

"काय दिसतंय?" तात्यांनी वरून विचारलं.

"आनुवंशिक," आई म्हणाली.

श्रीधरपंतांनी घरात काजळ आहे का विचारलं. कुमुदने स्वतः धरलेल्या काजळाची डबी आणून दिली. एका काडीला फडकं गुंडाळून त्यांनी दोन्ही नळ्या आतून काळ्याकुट्ट केल्या, डोळ्याकडच्या पितळी कड्याही चकाकतात म्हणून त्यांनाही बोट फिरवलं. मग तात्यांनी गच्चीवरून समोरचा घाट पाहिला. खूप वेळ पाहिला. भटजी स्वच्छ, म्हशी काळ्या, कुठे डाग नाही. दुर्बीण खाली घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "आधीची साक्ष रद्द समजावी." त्यांच्या दोन्ही डोळ्यांभोवती काजळाची दोन ठसठशीत कडी उमटली होती. त्या संध्याकाळी ते तशाच डोळ्यांनी देवळात जाऊन आले. निवृत्त शिरस्तेदाराला तोंडावर सांगण्याची हिंमत नाशकात कुणाची झाली नाही.

पण एक गोष्ट राहिली होती. तात्यांनीच विचारली, कारण विचारल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. कोड नव्हतं तर उपरणं एवढं घट्ट का धरलं होतं?

"सर्दी झालीय," श्रीधरपंत म्हणाले.

सर्दी का झाली?

श्रीधरपंत जरा घुटमळले. मग म्हणाले, की आठ दिवस रोज सकाळी तुमच्या गच्चीवर काहीतरी चमकायचं. भिंगावर समोरचं ऊन पडलं की तसं चमकतं, ते मला धंद्यामुळे ठाऊक. कुणीतरी आपल्याला दुर्बिणीतून बघतंय हे कळलं. "मला वाटलं..." त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. "मला वेगळंच कुणीतरी वाटलं. म्हणून जरा जास्त वेळ आंघोळ करायचो. उजेड कुठून येतोय ते बघून, वळून वगैरे उभा राहायचो."

दाराआड काहीतरी धप्पकन पडलं. नंतर कळलं, ती कुमुदच होती. उंबरठ्याला पाय अडला होता.

तात्या विचारात पडले. माझी मुलगी गच्चीवर उभी राहून परपुरुषांना दुर्बिणीतून बघते, असं या मुलाला वाटलंच कसं, हा नवा संशय त्यांच्या कपाळावर आकार घेऊ लागला होता. आई मेजाकडे गेली, खणातलं पाकीट काढलं आणि पाहुण्यांच्या पाठीशी ठेवलेल्या शेगडीत टाकलं. "आता मठ्ठा कुणाला हवाय?" तिने विचारलं.

माघात साखरपुडा झाला, फाल्गुनात लग्न. दुर्बीण मी त्यांना आहेर म्हणून दिली. पक्षी आम्ही दोघांनी मिळून पाहिले, दर रविवारी, चाळीस वर्षं. मी पुस्तकातून नावं शोधायचो आणि ते म्हणायचे, वसंतराव, आधी नीट बघा, मग लिहा. दर पौषात कुमुद काजळ धरायची आणि ते नळ्यांना आणि कड्यांना नवा हात द्यायचे. यंदा अंथरुणाला खिळलेले असतानाही त्यांनी तो दिला, उशाशी डबी ठेवून, अर्धा तास लावून.

दहाव्यानंतर कुमुदने मला त्यांची पेटी लावायला बसवलं. दुर्बीण वरच होती. मी ती घेऊन त्यांच्या पंचवटीच्या घराच्या खिडकीशी गेलो आणि नदीपलीकडे आमची जुनी गच्ची दिसते का ते पाहिलं. दिसली. कुठे डाग नव्हता, सगळं स्वच्छ होतं, पण थोड्या वेळाने माझंच सगळं धूसर झालं. मी डोळे पुसले आणि बाहेर माणसं बसली होती तिथे येऊन बसलो.

समाचाराला आलेल्या एका वृद्ध बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "मेहुणे नव्हते हो, सख्खे भाऊच. बघा रडून रडून डोळे कसे काळे पडलेत." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही गंभीरपणे मान खाली घातली. कोपऱ्यात कुमुदने पदर तोंडात धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. बिचारीला आवरेना. मी उठून तिच्याजवळ गेलो, पाठीवर हात ठेवला.

"दादा," ती पदराआडून म्हणाली, "जाऊन आरशात बघ."

चौतीस साली मी त्या माणसाच्या अंगावर आठवडाभर डाग शोधला होता. तो अखेर सापडला, भर सुतकात, चारचौघांसमोर, माझ्या तोंडावर. आणि या वेळी दुर्बिणीची काही चूक नव्हती.